हॉट लॅबमध्ये थेंब सांडला तर: शोधायचं कसं, पुसायचं कसं अन हात कधी लावायचा नाही

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे जिथं रेडिओअॅक्टिव्ह औषध देऊन स्कॅन अन उपचार करतात तिथं, नवीन लागलेल्या टेक्निशियन पोरापोरींसाठी, नर्सिंगवाल्यांसाठी अन सफाईच्या मावशींना ज्यांनी हे समजावून सांगायला पाहिजे पण सांगत नाहीत त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. पुस्तकात सगळं असते, पण पुस्तकातल्या लॅबमध्ये नागपूरचा मे महिना नसते, टाकीचं चटका देणारं पाणी नसते अन खिशात खर्रा (तंबाखू-सुपारी) ठेवणारे वॉर्डबॉय मामाही नसतात. म्हणून आपल्या इथल्या हिशोबानं लिहितो. हॉट लॅब म्हणजे हे औषध ठेवायची अन त्याचे डोस भरायची खोली.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, अर्धी घाबरगुंडी इथूनच होते. रेडिएशन लागणं अन कंटॅमिनेशन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोस भरताना हातावर गामा किरणं पडली, इंजेक्शन दिलेल्या पेशंटच्या बाजूला उभं राहिलं, तर ते एक्स्पोजर. तिथून हटले की ते थांबलं, अंगावर काही राहत नाही, घरी जाऊन लेकराला जवळ घेतलं तरी त्याला काही लागत नाही. पण त्याच डोसचा थेंब ग्लोव्हजवर सांडला, ग्लोव्हजवरून पेनवर, पेनवरून फोनवर अन फोनवरून कानाला, तर मग सोर्सच तुमच्यासोबत फिरून राहिला. होळीच्या गुलालासारखा सगळीकडे लागत जाते, फक्त दिसत नाही.

अन थेंब म्हणजे किती ते पहा. जनरेटरमधून, म्हणजे टेक्निशियम (स्कॅनला लागणारं रेडिओअॅक्टिव्ह द्रव्य) देणाऱ्या डब्यातून, ५ एमएलमध्ये १०० मिलिक्युरी टेक्निशियम काढलं असं धरा, म्हणजे एका एमएलमध्ये २०. थेंब साधारण ०.०५ एमएलचा, म्हणजे १ मिलिक्युरी, म्हणजे ३ कोटी ७० लाख बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). अन टेबल स्वच्छ आहे का नाही हे आपण ठरवतो एका चौरस सेंटीमीटरला किती बेकरेल यावरून, ते आकडे एकेरी-दुहेरीतले राहतात. म्हणून "थोडंसंच सांडलं" हे वाक्य आपल्या डिपार्टमेंटात चालत नाही.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. साबण, फिनाईल, डेटॉल, ब्लीच, यातलं काहीच रेडिओअॅक्टिव्हिटी मारत नाही. कुठलंच केमिकल मारत नाही. पुसणं म्हणजे इथला माल उचलून पिशवीत भरणं, बस. संपवायचं काम हाफ लाइफ करते, म्हणजे माल आपोआप अर्धा व्हायला लागणारा वेळ. टेक्निशियम-९९एमचं ६ तास, एफडीजीतल्या (पेट स्कॅनच्या इंजेक्शनातल्या) फ्लोरिन-१८चं ११० मिनिटं, गॅलियम-६८चं ६८ मिनिटं, इट्रियम-९०चं ६४ तास, लुटेशियम-१७७चं साडेसहा दिवसांहून थोडं जास्त, आयोडीन-१३१चं ८ दिवस. हे आकडे पाठ पाहिजेत, कारण कुठं पुसत बसायचं अन कुठं नुसतं झाकून कुलूप लावायचं हे यांच्यावरूनच ठरते.

मीटर हातात घेतल्यावर

सर्व्हे मीटर अन कंटॅमिनेशन मॉनिटर हे दोन वेगळे असतात. पहिला सांगते की इथं उभं राहिलं तर तासाला किती मायक्रोसीव्हर्ट डोस, दुसरा सांगते की या जागेवर माल सांडलेला आहे का, सीपीएम किंवा सीपीएसमध्ये, म्हणजे मिनिटाला किंवा सेकंदाला किती काउंट. नवीन लोक पहिलाच उचलतात, कारण तो दाराजवळ लटकून असते, अन टेबलावर फिरवून "काही नाही" म्हणून मोकळे होतात.

पॅनकेक प्रोबवाला (चपट्या गोल तोंडाचा) जीएम, म्हणजे गायगर काउंटर, असेल तर त्याला अभ्रकाची पातळ खिडकी असते. आयोडीन, लुटेशियम, इट्रियम, फ्लोरिन हे बीटा किंवा पॉझिट्रॉनवाले (पातळ आडोशानंही अडणारे बारीक कण सोडणारे) त्याला मस्त पकडता येतात. टेक्निशियमवर मात्र तो कमजोर आहे, त्याचा १४० केव्हीचा गामा जीएमच्या गॅसमधून बहुतेक वेळा तसाच निघून जाते, म्हणून टेक्निशियमसाठी सोडियम आयोडाइडचा सिंटिलेशन प्रोब असला तर तोच घ्या, नसला तर जीएमवर थोडीशी जरी वाढ दिसली तरी ती मोठी समजा. प्रोबवर प्लास्टिकचं झाकण असते ते काढायला विसरू नका. पण याच झाकणाचा एक फायदाही होते: झाकण काढून मोजलं, मग लावून मोजलं, अन आकडा धाडकन खाली आला तर माल तिथंच पृष्ठभागावर आहे, बीटा झाकणात अडकून राहिला. आकडा जवळजवळ तसाच राहिला तर बहुतेक गामाच येऊन राहिला, अन तो भिंतीपलीकडून किंवा मागच्या खोलीतून येत असू शकते. मागच्या खोलीत एफडीजी घेतलेला पेशंट तासभर पडून असेल तर ५११ केव्हीचा गामा भिंतीतून थोडाफार येतेच, अन अख्खं टेबल गरम दिसते.

वापरायच्या आधी बॅटरी, कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख, चेक सोर्सवर नेहमीएवढं रीडिंग येते का, हे पहायचं. मग बॅकग्राउंड. बॅकग्राउंड लॅबच्या बाहेर शांत जागी घ्या अन लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. तो रोजच्यापेक्षा दुप्पट आला तर आधी प्रोबच मळलेला आहे का ते शोधा, पोरं प्रोब सरळ टेबलाला टेकवतात अन मग तो प्रोब दिवसभर सगळीकडे कंटॅमिनेशन दाखवत राहते. प्रोबवर खाण्याच्या डब्याला लावतात तशी पातळ पन्नी चढवून ठेवली तर मळल्यावर पन्नीच फेकता येते, बीटाला तेवढी पन्नी अडवत नाही. रेडियम-२२३ सारखं अल्फावालं काही असलं तर ही युक्ती चालत नाही, अल्फा पन्नीतच अडकतात.

फिरवायचं कसं? जागेपासून १ सेंटीमीटरवर, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटरच्या वेगानं, आवाज चालू ठेवून. काटा किंवा आकडा मागाहून येते, टिकटिक आधी वाढते, म्हणून कान द्या. टिकटिक वाढली की थांबा, मागं या, तिथंच धरून आकडा स्थिर होऊ द्या. अन एक धोका: काही जुने जीएम फार जास्त माल समोर आला तर गुदमरतात अन शून्य दाखवतात. म्हणून मीटर दारातूनच चालू करून आत जायचं, सांडलेल्या जागेवर नेऊन मग बटण दाबायचं नाही.

माणूस तपासताना सुरुवात हातापासून. तळवा, मागची बाजू, बोटांच्या मधात, नखं. मग बाह्यांच्या कडा, चेहरा, केस, एप्रनचा पुढचा भाग, पोटाजवळ जिथं टेबलाला घासते ती पट्टी, गुडघ्याखालची पँट अन शेवटी बुटांचे तळवे. शेवटी याच्यासाठी की तळव्यांवर सगळ्यात जास्त सापडते, अन आधी ते तपासले तर प्रोब तिथंच मळते.

वाइप टेस्ट, अन एक हिशोब

बॅकग्राउंड जास्त असला की मीटरवर भरवसा राहत नाही, तिथं वाइप टेस्ट. फिल्टर पेपरचा गोल तुकडा किंवा कापसाचा बोळा किंचित ओला करायचा, ग्लोव्हज घालून १० बाय १० सेंटीमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर जागेवर सारख्या दाबानं फिरवायचा, छोट्या पिशवीत किंवा ट्यूबमध्ये टाकायचा, जागेचं नाव लिहायचं अन दूर नेऊन वेल काउंटरमध्ये मोजायचा. सोबत एक कोरा तुकडाही मोजायचा, तो तुमचा बॅकग्राउंड.

उदाहरण घेऊ. वाइपचे ९६० सीपीएम आले, कोऱ्याचे ६०. उरले ९००, भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १५. काउंटरची त्या आयसोटोपसाठी एफिशियन्सी (जेवढं फुटते त्यातलं किती पकडते) ५० टक्के धरली तर वाइपवर ३० बेकरेल. आता पुसताना सगळा माल काही कागदावर येत नाही, वेगळं मोजून काढलं नसेल तर दहावा भागच आला असं धरायची पद्धत आहे, म्हणजे जागेवर ३०० बेकरेल. भागिले १०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ३ बेकरेल प्रति चौरस सेंटीमीटर. हा आकडा आरएसओनं (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरनं) तुमच्या डिपार्टमेंटच्या प्रोटोकॉलमध्ये त्या जागेसाठी जी लिमिट लिहून ठेवली आहे तिच्याशी ताडून पहा. हॉट लॅबच्या टेबलाची अन बाहेरच्या रिसेप्शनची लिमिट सारखी नसते. लोक एफिशियन्सी धरतात पण तो दहावा भाग विसरतात, अन दहापट कमी आकडा रजिस्टरमध्ये जाते.

वाइप टेस्टनं अजून एक कळते जे मीटरनं कळत नाही: माल सुटा आहे की चिकटलेला. मीटर जास्त अन वाइप स्वच्छ, म्हणजे फरशीत मुरलेला आहे, हाताला लागणार नाही. दोन्ही जास्त, तर तो फिरणार.

कुठं सापडते

फ्यूम हूडच्या आत सगळे तपासतात. सापडते मात्र दुसरीकडे. डोस कॅलिब्रेटरची (डोस मोजायच्या मशीनची) डिपर, म्हणजे वायल (औषधाची बाटली) उतरवायची ती काडी. कॅलिब्रेटर रिकामा असताना आकडा जास्त दिसला तर डिपर अन आतलं लायनर काढून परत पहा, आकडा पडला तर तेच मळलेले. मग फ्रिजचं हँडल, कॉम्प्युटरचा माउस, लेबल लिहायचं पेन, इंटरकॉम, इंजेक्शन रूममधल्या खुर्चीचा हात, टूर्निकेटचा पट्टा, डस्टबिनचं झाकण. टीएलडी बॅज, म्हणजे तुम्हाला लागलेला डोस मोजणारा बिल्ला, तोही तपासा. बॅज मळला तर तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये भलताच डोस येते अन मग स्पष्टीकरणं देत बसावी लागतात, डोस तुम्हाला नाही बॅजला लागलेला असते.

गॅमा कॅमेऱ्याचं वेगळं प्रकरण आहे अन ते सगळ्यात जास्त त्रास देते. बोन स्कॅनमध्ये मांडीच्या हाडावर चमकणारा ठिपका दिसला, सगळे गंभीर झाले, अन तो निघते लघवीचा थेंब. टेक्निशियम एमडीपी (बोन स्कॅनचं औषध) किडनीतून लघवीवाटे बाहेर पडते, पेशंट म्हातारे असतात, धोतरावर, पेटीकोटवर, खिशातल्या रुमालावर लागते. म्हणून नियम ठेवा की ठिपका विचित्र जागी असेल तर आधी कपडे बदला, कातडी ओल्या कापडानं पुसा, मग तीच जागा परत घ्या अन एक तिरकी व्ह्यू घ्या. हाडातला ठिपका कपड्यासोबत जात नाही. तिरक्या व्ह्यूमध्ये तो शरीराच्या बाहेर सरकला तरी उत्तर मिळून गेलं. अन दोन-तीन पेशंटमध्ये एकाच कोपऱ्यात ठिपका येत असेल तर पेशंटला सोडा, पेशंटशिवाय कॅमेरा चालवून पहा, कॉलिमेटर (कॅमेऱ्याच्या तोंडावरची शिशाची जाळी) किंवा पलंगाचं कव्हर मळलेलं आहे.

आता खर्रा. तुम्ही हसाल, पण कंटॅमिनेशन शरीराच्या आत जायचा आपल्या नागपुरातला सगळ्यात सरळ रस्ता तोच आहे. पन्नी खिशात, पन्नीवर बोटं घासायची, तीच बोटं तोंडात. हॉट लॅबमध्ये खाणं, पिणं, चहा, लिपस्टिक, तंबाखू सगळं बंद हे सगळ्यांना माहीत असते, पण खर्रावाल्याला वाटते आपण कुठं खाऊन राहिलो, आपण तर बाहेर जाऊन खातो. अरे भाऊ पन्नी तर आतच होती ना तुझ्या खिशात! एप्रनच्या खिशात काहीच ठेवायचं नाही, अन बाहेर जाताना आधी हात धुवायचे, मग मीटरवर धरायचे, मग बाहेर. मोबाइलचंही तेच.

सांडलं, आता काय

समजा एफडीजीचा अर्धा एमएल फरशीवर सांडला. पहिलं काम ओरडायचं, लाजायचं नाही: सांडलं आहे, इथं कोणी येऊ नका. पेशंटला त्याच वेळी काही झालं असेल, चक्कर वगैरे, तर आधी पेशंट, कंटॅमिनेशन वाट पाहू शकते, श्वास पाहू शकत नाही. तसं नसेल तर पडलेली वायल ग्लोव्हजच्या हातानं सरळ करा, सांडलेल्यावर शोषणारा कागद नुसता टाका, प्लास्टिकची बाजू वर करून. घासू नका. मग तिथंच थांबा. तुमचे बूट मळलेले असू शकतात, ते घेऊन मीटर आणायला जाल तर अख्खा कॉरिडॉर मळेल. दुसऱ्याला मीटर आणायला लावा, आरएसओला फोन करायला लावा, सीमेवर बूट काढा किंवा शू कव्हर चढवा, मग बाहेर या.

पंखा बंद, कूलर बंद, दार बंद. कूलरचं मुद्दाम लिहितो, हॉट लॅबमध्ये कूलर नसावाच पण एसी बिघडला की इंजेक्शन रूमच्या दारात कोणीतरी आणून ठेवतेच, अन त्याची हवा थेंब वाळला की कण उडवते. घामाचंही पहा. मे महिन्यात एसी बंद केला की पाच मिनिटांत कपाळावरून धारा लागतात अन ग्लोव्हज घातलेला हात आपोआप कपाळाकडे जाते. कपाळावर आधीच पट्टी बांधून घ्या.

ग्लोव्हजच्या दोन जोड्या घाला, वरची मळली की बदलायची. लेड एप्रनचं लोकांना फार कौतुक असते. टेक्निशियमसाठी ठीक आहे, त्याचा किरण अर्धा करायला शिसं पाव ते तीन दशांश मिलिमीटर पुरते. एफडीजीच्या ५११ केव्हीला ४ मिलिमीटरच्या वर लागते, अर्ध्या मिलिमीटरचा एप्रन घालून काही होत नाही, उलट वजनानं काम हळू होते अन तेवढा वेळ जास्त डोस. तिथं लांब चिमटा अन घाई न करता कमी वेळ, एवढंच. गरोदर असलेल्या बहिणीला या कामात लावायचं नाही, तिनं नाही म्हणायची वाट पहायची नाही.

पुसणं बाहेरून आतल्या दिशेनं. मीटरनं कडा शोधा, खडूनं किंवा टेपनं गोल आखा, अन कडेपासून मधात या. एक कागद एकदाच फिरवायचा, दुमडायचा, पिशवीत. ओला पण टपकणारा नाही, सोबत साधं लिक्विड डिटर्जंट. प्रत्येक फेरीनंतर मीटर, अन आकडा लिहा. पहिल्या फेरीत एकदम उतरेल, दुसरीत थोडा, अन मग एक वेळ अशी येते की दोन फेऱ्या मारल्या तरी आकडा हलत नाही. तिथं थांबायचं. आता जे आहे ते मुरलेलं, जास्त घासलं तर फरशीचं पॉलिश जाईल अन माल अजून आत जाईल. टाइल्सच्या जोडांमध्ये हे नेहमी होते, म्हणूनच लॅबला बिनजोडाची व्हिनाइल शीट असते.

अन थांबण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. एफडीजी सकाळी ११ ला सांडला, दुसरी खोली रिकामी आहे, तर पुसायला माणूस कशाला घालता? झाका, टेप लावा, कुलूप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ पर्यंत ११ च्या वर हाफ लाइफ होऊन जातात, माल अडीच हजार पटीहून कमी झालेला असते. टेक्निशियम शुक्रवारी संध्याकाळी ६ ला सांडलं तर सोमवारी सकाळी ६ ला बरोबर १० हाफ लाइफ, १०२४ पट कमी. तरुण पोरांना वाटते हा आळस आहे. आळस नाही, फुकटचा डोस वाचवणं आहे. पण मोजल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, १ मिलिक्युरीचे १०२४ भाग केले तरी ३६ हजार बेकरेल उरतात, ते शून्य नाही.

झाकताना वर कागद चिकटवा: कोणता आयसोटोप, कधी सांडला, शेवटचं रीडिंग, परत कधी मोजायचं. आयसोटोप कोणता हेच माहीत नसेल, सकाळी आल्यावर मीटर अचानक वाजला, तर दोन-दोन तासांनी मोजा. दोन तासांत अर्ध्याच्या आसपास आला तर फ्लोरिन, सहा तासांत अर्धा तर टेक्निशियम, अन दिवसभरात जवळपास हललाच नाही तर आयोडीन किंवा लुटेशियम समजून चाला.

मावशींचा विषय इथंच. सकाळी सगळ्यांच्या आधी त्या येतात, बादली, फिनाईल अन एकच पोछा, तोच हॉट लॅबपासून वेटिंगपर्यंत. रात्री कोणी टेप लावायला विसरलं तर सकाळी माल पूर्ण मजल्यावर. त्यांना "तिकडं जाऊ नका" एवढंच सांगून चालत नाही, काऊन जाऊ नका ते सांगा, मीटरचा आवाज ऐकवा, हॉट लॅबचा पोछा वेगळ्या रंगाचा ठेवा अन तो आधी मोजल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. एकदा मीटर ऐकवला की मावशी तुमच्यापेक्षा कडक होतात, "साहेब आधी वाजवून दाखवा मग पुसते" म्हणतात.

अंगावर सांडलं तर

फरशी थांबू शकते, कातडी थांबू शकत नाही. कातडीवर बीटाचा डोस एकाच ठिकाणी बसते, म्हणून इथं लगेच.

मळलेला कपडा आधी उतरवा, आतली बाजू बाहेर करत, पिशवीत. मग कोमट पाणी अन साधा साबण. गरम पाणी नको, त्यानं रक्तपुरवठा वाढते. एकदम थंडही नको, छिद्रं बंद होतात अन माल अडकते. नागपुरात हे लिहायला सोपं आहे, करायला नाही, एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाला टाकीचं पाणी येते ते हाताला चटका देते, अन जानेवारीत सकाळी बर्फ. म्हणून डिकॉनच्या (अंगावरचा माल धुवायच्या) सिंकजवळ झाकलेल्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवा, रोज बदला, नवतपा लागला की तर नक्कीच.

दोन-तीन मिनिटं हलक्या हातानं धुवा, वरून खाली, स्वच्छ भागाकडे पाणी जाऊ न देता. नखांच्या कडा, अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली. टॉवेल टेकवून टिपा, रगडू नका, टॉवेलही पिशवीत. मीटर. परत. ब्रश नको, घासणी नको, दगड तर नकोच, कातडी सोलली की जे बाहेर होतं ते आत जाते. कातडी लाल झाली किंवा आकडा उतरायचा थांबला की थांबा. बोटांवर थोडं उरलंच तर कापसाचा ग्लोव्ह अन त्यावर रबरी ग्लोव्ह चढवून रात्रभर ठेवतात, घामासोबत माल कापसात येते. घामासाठी आपल्याला मे महिन्यात वेगळं काही करावं लागत नाही.

डोळ्यात गेलं तर नाकाकडच्या कोपऱ्यातून कानाकडे पाणी वाहू द्या, भरपूर, अन डॉक्टर. केसांत असेल तर डोकं मागं करून धुवा म्हणजे पाणी तोंडावर येत नाही, निघालंच नाही तर कात्रीनं केस कापा, वस्तरा फिरवू नका. सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली धरा, मीटर लावा, अन हिपॅटायटिस-एचआयव्हीचा जो नेहमीचा प्रोटोकॉल आहे तो रेडिएशनच्या गडबडीत विसरू नका, लोक हेच विसरतात.

आयोडीन-१३१ वेगळं का

कारण ते हवेत जाते अन थायरॉइडमध्ये जाऊन बसते. सांडलेल्या आयोडीनवर ब्लीच टाकू नका, अॅसिडवालं बाथरूम क्लीनर तर अजिबात नको, दोन्हीनं आयोडीन वाफ होऊन उडते अन मग तुम्ही ते श्वासातून घेता. त्याच्यासाठी स्पिल किटमध्ये सोडियम थायोसल्फेटचं द्रावण ठेवतात, ते आयोडीनला बांधून पाण्यातच ठेवते. ग्लोव्हजमधून आयोडीन हळूहळू आत येऊ शकते, म्हणून दोन जोड्या अन दर थोड्या वेळानं बदल. लिक्विडची वायल उघडायची ती फ्यूम हूडमध्येच, अन शक्य असेल तिथं कॅप्सूल मागवा.

थेरपी वॉर्डात माल येते तो लघवी, लाळ अन घामातून. ३० मिलिक्युरीच्या वरचा डोस घेतलेला पेशंट आयसोलेशनमध्ये राहते तो याच्यासाठीच. पेशंट घरी गेल्यावर खोली तपासायची तर क्रम असा ठेवा: टॉयलेटची सीट अन त्याभोवतीची फरशी, फ्लशचं बटण, बेसिनचा नळ, उशीचं कव्हर, टीव्हीचा रिमोट, फोन, दाराचं हँडल. पुरुष पेशंटला बसूनच लघवी करायला अन दोनदा फ्लश करायला सांगितलं की अर्धं काम तिथंच कमी होते, पण हे लाजून कोणी सांगत नाही. डोस घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पेशंटला धीर द्या, उलटीवर कागद टाका, अन किती बाहेर आलं हे मोजायला आरएसओ येईपर्यंत फेकू नका.

स्टाफच्या नाकातोंडात गेल्याचा संशय असेल तर नाक शिंकरून तो टिश्यू मोजा अन डॉक्टरला लगेच कळवा. पोटॅशियम आयोडाइड, मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅम, पहिल्या काही तासांतच कामाचं असते, पण कपाटातून काढून स्वतःच गिळायचं नाही, डॉक्टर ठरवतील. दुसऱ्या दिवशी गळ्यावर थायरॉइड काउंटिंग करून घ्या.

पिशव्या अन रजिस्टर

हे सगळं कागदावर नसेल तर झालंच नाही असं समजतात, अन बरोबर समजतात. तारीख, वेळ, आयसोटोप, अंदाजे किती मिलिक्युरी, कोण होतं, पुसायच्या आधीचं अन नंतरचं रीडिंग, मीटरचा नंबर, सही. मोठं काही असेल तर आरएसओ एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवते, तेव्हा तुमच्या या ओळीच लागतात.

कंटॅमिनेशन माणसांसोबत किती लांब जाऊ शकते याचं टोकाचं उदाहरण ब्राझीलच्या गोयानियाचं. १९८७ मध्ये बंद पडलेल्या क्लिनिकमधलं सिझियम-१३७चं जुनं मशीन दोघांनी भंगार म्हणून उचललं, चमकणारी पावडर घराघरांत वाटली गेली, १ लाख १२ हजार लोकांना तपासावं लागलं, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सापडली, चौघं गेले. आपल्याकडचे आयसोटोप त्यापुढं फार कमी दिवसांचे आहेत, पण पिशवी चुकीच्या गाडीत गेली तर भंगारवाल्याचा रस्ता तोच.

म्हणून पुसलेले कागद, ग्लोव्हज, सिरिंज आयसोटोपनुसार वेगळ्या पिशव्यांत. फ्लोरिनच्या पिशवीत आयोडीनचा एक बोळा टाकला की एका दिवसाची पिशवी ८० दिवसांची होते. पिशवीवर तारीख, आयसोटोप, बाहेरचं रीडिंग, अन डिके स्टोअरमध्ये (माल आपोआप संपेपर्यंत ठेवायच्या खोलीत) शिशाच्या डब्यात. दहा हाफ लाइफचा हिशोब धरा, फ्लोरिनला १८-१९ तास, टेक्निशियमला अडीच दिवस, लुटेशियमला ६७ दिवसांच्या आसपास, आयोडीनला ८०, पण शेवटी सोडायचं ते हिशोबावर नाही, शील्डबाहेर काढून मोजल्यावर, बॅकग्राउंडएवढं आलं तरच. मग पिशवीवरचं अन सिरिंजवरचं रेडिएशनचं तीन पात्यांचं चिन्ह फाडून किंवा मार्करनं काळं करून टाका, नाहीतर कचरा उचलणारा माणूस गाडी थांबवून तुम्हालाच फोन करेल. त्यानंतर तो नेहमीचा बायोमेडिकल कचरा, कापूस-कागद पिवळ्यात, प्लास्टिक लाल पिशवीत अन सुया पांढऱ्या डब्यात.